मोरवाल्या बाईंचा सोफा

आजवर सात मुलींकडच्यांनी मला नापसंत केलं, आणि त्यातल्या पाचांनी मला पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांनी घर पाहिलं होतं. आमच्याकडे आधी घर बघतात. ते बरं वाटलं तर मुलाला बाहेर बोलावतात. तोवर मुलगा स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून उभा असतो आणि बाहेरून येणाऱ्या आवाजावरून आपलं भविष्य ऐकत असतो.

धुळ्यात देवपुरातल्या आमच्या हॉलमध्ये एक दिवाण, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि नानांना एसटीतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ, एवढं सामान होतं. सातवं स्थळ शिरपूरचं होतं. जाताना मुलीचे काका नानांना म्हणाले, "मुलगा चांगलाच असेल हो, पण बसायचं कशावर?" नाना म्हणाले, "दिवाण आहे की." काका म्हणाले, "तोच म्हणतोय मी."

सुलक्षणा आठवी. चोपड्याची, तिथल्याच एका शाळेत गणित शिकवणारी. घर बघण्याआधी फोनवर बोलायची परवानगी मिळाली, ही मोठीच सुधारणा होती. तिने पहिल्याच फोनवर विचारलं, "बायोडाटात 'स्वतःचे घर' लिहिलंय. त्यात फर्निचर आलं का?"

मी म्हणालो, "आलं होतं. पण बसायला जागा नव्हती म्हणून परत गेलं."

ती हसली. चार सेकंद. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतो. सकाळी उपाशीपोटी रांगेत बसलेली माणसं माझ्या विनोदांवर हसत नाहीत, हात मागे घेतात. त्यामुळे चार सेकंद म्हणजे काय ते मला कळत होतं. त्या दिवशी मी ठरवलं की येत्या रविवारी हे घर पसंत पडलंच पाहिजे.

माझे मित्र दोन. तिसरीपासून एका बाकावरचे. हितेंद्र एका मांडववाल्याकडे सजावटीचं काम करतो, आणि इसाकचं पाचकंदिल चौकामागे सोफे शिवायचं, दुरुस्त करायचं दुकान. एकाला माणसं बसवायची कशी ते कळतं, दुसऱ्याला कशावर ते.

सोफा मी मागितला. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढे ते कुणीच म्हणत नाही.

इसाकच्या दुकानात तेव्हा एक मोठा सोफा तयार होऊन उभा होता. मरून कापड, त्यावर सोनेरी मोर. मोर इतके की मोजायला लागलं तर एक उरायचा. मी विचारलं, "हा कुणाचा?"

"मोरवाल्या बाईंचा."

इसाक गिऱ्हाईकाचं नाव लक्षात ठेवत नाही, कापड ठेवतो. त्याच्या मोबाईलमध्ये नंबर सेव्ह आहेत ते असे: निळी चौकट, शेवाळी मखमल, रेघावाले सर, मोरवाल्या बाई. बाईंनी फोनवर काम सांगितलं, टेम्पोवाल्याच्या हाती सोफा आणि कापड पाठवलं, आणि सोमवारी परत द्यायचा ठरला. तोंड कुणी कुणाचं पाहिलं नव्हतं.

"म्हणजे रविवारी हा रिकामाच आहे," मी म्हणालो.

"गिऱ्हाईकाचा माल आहे यार, भूषण."

"तीन तास. बसतील आणि उठतील. सोफ्याचं काम तरी दुसरं काय?"

"डाग पडला तर?"

"चहा मी स्वतः धरून पाजीन."

इसाकने टेप गळ्यात अडकवला, मोरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "किती वर्षांचा झाला रे तू?"

"तेहतीस."

"घेऊन जा," तो म्हणाला. दया येण्याचं माझं वय झालं होतं.

शनिवारी दुपारी दोघं घरी आले आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार सुरू झाली. हितेंद्रने दारात उभं राहून, दोन्ही हातांची चौकट करून हॉल पाहिला आणि म्हणाला, "सगळं काढा." त्याच्या मते घर आवरणं असं काही नसतं, आहे ते दुसऱ्या खोलीत ढकलायचं असतं. पापडांचे डबे, कुरडयांचे डबे, नुसते डबे, गोधड्या, नानांची जुनी लोखंडी पेटी, आईचं शिवणयंत्र, सगळं मागच्या खोलीत गेलं. शेवटी दार लागेना, तेव्हा हितेंद्रने दाराला पाठ लावली आणि मी कडी घातली. आई म्हणाली, "अरे, माझ्या गोळ्या आत राहिल्या." नाना म्हणाले, "सोमवारी घे."

मग सजावट. पडदे मांडवातले, मोतिया रंगाचे, खाली झालर. कोपऱ्यात उंच दिवा. हितेंद्रने कारंजंही आणलं होतं, ते आईने पायरीवरूनच परत पाठवलं. भिंतीवर मात्र त्याने शाळेच्या स्नेहसंमेलनातला एक फ्लेक्स लावला: पुस्तकांनी भरलेलं कपाट, जसंच्या तसं. चार पावलांवरून कुणीही फसलं असतं. नानांनी चष्मा लावून जवळ जाऊन पुस्तकांची नावं वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "इंग्रजी दिसतायत."

सोफा आत घेताना दारात अडकला. इसाकने पाय काढले, आत आणले, पुन्हा लावले. मोरांवरून हलका हात फिरवत तो सुरकुत्या काढत होता, तेव्हा आम्ही दोघं गप्प झालो. चांगलं काम चालू असताना हितेंद्रसुद्धा गप्प बसतो.

आईने वांग्याचं भरीत केलं. आम्ही ते सोफ्यासमोर फरशीवर कागद पसरून खाल्लं, कारण भरिताचा हात सोफ्यापासून सहा फुटांवर हवा, असा इसाकचा हुकूम होता. मग हात धुऊन, पुसून, त्याला दाखवून, तिघांना पाच मिनिटं बसायची परवानगी मिळाली. बसलो. मोतिया पडदे हलत होते. दिवा लावला होता. कुणाच्या तरी घरात बसल्यासारखं वाटत होतं, आणि ते कुणीतरी मीच होतो.

"उद्या जमलं ना," हितेंद्र म्हणाला, "तर तुझ्या लग्नात स्टेज मी करणार. मालकाला सांगून हत्ती लावतो दोन बाजूंना. थर्माकोलचे."

"आणि मी?" इसाक म्हणाला.

"तू वराकडचा सख्खा पाहुणा. बसून खायचं."

"बसतो," इसाक म्हणाला. "दुसऱ्याच्या सोफ्यावर बसायला मजा येते."

रविवारी अकरा वाजता मुलीचे वडील मगन आबा आले. केळीवाले, शांत माणूस, घरात पाऊल ठेवताना चपलासुद्धा सरळ ओळीत काढणारा. सोबत मुलीचे मामा गिरधर. मामा धुळ्यातलेच, साक्री रोडचे, आणि निर्णय त्यांच्या हातात आहे हे दारातूनच दिसलं. मला नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात उभं केलं. इसाक चहाचा ट्रे धरून होता, हितेंद्र चिवड्याच्या बशांवर. दार अर्धं उघडं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

मामांनी हॉल पाहिला. पडदे पाहिले. फ्लेक्सकडे पाहून म्हणाले, "वाचन मोठं दिसतं," आणि एक पुस्तक काढायला हात पुढे केला. हितेंद्रने त्याच हातात चिवड्याची बशी दिली. मग मामा सोफ्यावर बसले. मधोमध नाही. सरळ डाव्या कोपऱ्यात गेले, एक पाय वर घेतला, कोपर सोफ्याच्या हातावर टेकवलं, मान मागे सोडली आणि डोळे मिटले.

"आबा," ते म्हणाले, "मी लई घरं पाहिली. पण बसल्याबरोबर घरी आल्यासारखं वाटावं, असं हे पहिलंच."

नाना हसले. आतमध्ये आईने माझा हात दाबला. मला बाहेर बोलावलं गेलं. मामांनी विचारलं, "काय काम करता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "वा, लोकांच्या नसानसांतलं कळतं म्हणजे तुम्हाला." मी हसलो. माझ्यापेक्षा वाईट विनोद करणारा माणूस भेटला की मला आपला वाटतो.

आबा म्हणाले, "आम्हाला घर पसंत आहे." अगदी असंच म्हणाले.

मामांनी आनंदाने मोबाईल काढला, आम्हा सगळ्यांचा सोफ्यावर एक फोटो घेतला आणि मामींना पाठवून दिला. दोन मिनिटांनी फोन वाजला. मामांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोन स्पीकरवरच घेतात. मामी साक्री रोडवरून आमच्या हॉलमध्ये आल्या, अहिराणीसकट.

"अहो, तुम्ही कसावर बसेल शेतस?"

"सोफावर."

"कोना सोफावर?"

"पाव्हणासना. का व्हयनं?"

"आपला शे तो! ते मोर मी सुरतथून आणेल शेतस! आपला सोफा शे, इसाककडे दुरुस्तीले टाकेल शे!"

मामा उठले. वळून त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, गर्दीत हरवलेला नातेवाईक अनोळखी घरात सापडावा तसं. मग सोफ्याच्या डाव्या हाताच्या खाली बोट घालून चाचपलं. तिथे काय होतं ते देव जाणे, पण त्यांना ते सापडलं.

"हाऊ मना सोफा शे," ते म्हणाले.

पंखा फिरत होता. आबांनी चिवड्याची बशी खाली ठेवली, जणू तीही कुणाची तरी असेल.

नानांनी तेहतीस वर्षं एसटी चालवली, एकही अपघात नाही. समोरून काही आलं की ते ब्रेक मारत नाहीत, गाडी वळवतात. त्यांनी वळवली.

"आम्ही तर विकत घेतला!" नाना म्हणाले. "याच्याकडून. हा इसाक. सोफेवाला."

इसाक ट्रे घेऊन उभा होता. त्याने नानांकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला एक वाक्य हवं होतं. 'मी मागून आणला,' एवढंच. दोन सेकंदांचं काम. मला कुठल्याही प्रसंगी काहीतरी सुचतं, म्हणून मित्र मला मयताला नेत नाहीत. मला तेव्हाही सुचलं होतं. मी दाराकडे पाहिलं, मग फ्लेक्सवरच्या पुस्तकांकडे पाहिलं, आणि ते वाक्य तिथेच ठेवलं.

"काय रे," मामा इसाकला म्हणाले, "तू विकला?"

हितेंद्र पडद्याच्या कड्या मोजायला लागला. आई पाणी आणायला आत गेली. पाणी कुणी मागितलं नव्हतं.

"हो," इसाक म्हणाला. "मीच विकला."

"कितीला?"

नाना म्हणाले, "अठरा हजार." त्याच क्षणी इसाक म्हणाला, "बारा." मामांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि निष्कर्ष काढला. "बघा, आकडासुद्धा खोटा सांगतो. सहा हजार मधे कुठे गेले याचा पत्ता नाही. या लोकांचं असंच असतं, नाना."

नाना मान हलवून "हो" म्हणाले. नानांनी इसाकच्या घरचा शिरखुर्मा सलग पंधरा ईदा खाल्ला आहे. दरवेळी डबा आधी पाठवतात, म्हणजे परत भरून यावा.

मामा पोलिसांना फोन करायला निघाले, पण आबा म्हणाले, "शुभ कामात पोलीस नको." इसाकने ट्रे हितेंद्रच्या हातात दिला. गळ्यातला टेप नीट केला, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि गेला. ट्रेमधला चहा अजून गरम होता. हितेंद्रने तो वाटला. सगळ्यांनी घेतला.

आणि मग लग्न जमलं. खरंच सांगतो. मामा पुन्हा सोफ्यावर बसले, या वेळी मालकासारखे, आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हालाही फसवलं, आम्हालाही फसवलं." दोन्ही घरांना एकाच माणसाने फसवलं, हे नातं छत्तीस गुणांपेक्षा घट्ट निघालं. संध्याकाळी टेम्पो बोलावून मामा सोफा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "तुमचे अठरा हजार मी त्याच्याकडून वसूल करून देतो." नाना म्हणाले, "जाऊ द्या हो, गरीब आहे." त्यांच्या आवाजात खरी दया होती. त्या दयेची मला आजही भीती वाटते.

मामांनी मात्र आठवडाभरात शहरातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगितलं. चौथ्या दिवशी मी पाचकंदिलामागे गेलो. दुकानात फक्त एक खुर्ची होती आणि तिच्यावर इसाक बसला होता. बाकीचं सगळं लोक घेऊन गेले होते, काही तर उसवलेलंच.

"जमलं ना?" त्याने विचारलं.

"जमलं."

"मग झालं."

"तू हो कशाला म्हणालास?"

"कुणीतरी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. चहा थंड होत होता."

मी हसलो. तो हसला नाही.

"मी सांगणार आहे," मी म्हणालो. "मामांना. सगळं. लग्न झालं की लगेच."

"आधी सांग, भूषण."

"आधी सांगितलं तर मोडेल."

"हां," इसाक म्हणाला. "म्हणून आधी सांग." एवढं म्हणून त्याने कात्री उचलली, आणि कापायला काही नाही हे लक्षात आल्यावर परत ठेवली.

त्या आठवड्यात सुलक्षणाचा फोन आला. तिने सरळ विचारलं. ती गणित शिकवते. "दोघांनी दोन आकडे सांगितले. व्यवहार खरा असता तर आकडा एकच आला असता. तुमच्याकडे सोफा कसा आला?"

मी तोंड उघडलं. तिने मला थांबवलं.

"नको. सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर मला आबांना सांगावं लागेल, आबा मामांना सांगतील, आणि मग माझ्यासाठी पुढचं घर बघायला निघतील. मामांनी आतापर्यंत माझ्यासाठी चौदा घरं पाहिलीत. मला आता घर बघायला पाठवायचं नाहीये कुणाला. मला कळलंय, पण तुम्ही सांगितलेलं नाही. असं राहू द्या."

"बरं," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू? मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

"पडदे तरी तुमचे आहेत ना?"

"मांडववाल्याचे."

"दिवा?"

"तोही."

"मग त्या घरात तुमचं काय आहे?"

"मागच्या खोलीत डबे आहेत," मी म्हणालो.

ती या वेळी हसली नाही. म्हणाली, "एक करा. त्या इसाकभाईंना लग्नाला बोलवा. मामांना मी काही सांगणार नाही, तेवढी हिंमत माझ्यातही नाही. पण इसाकभाईंची माफी मी मागेन. तुमच्या वतीने. स्टेजवर आले की मला फक्त दाखवा, हेच ते म्हणून."

"बोलावतो," मी म्हणालो.

पत्रिका मी लिहिली. 'श्री. इसाक शेख, सहकुटुंब.' ती लॅबच्या बॅगेत ठेवली. दोन महिने ती बॅग घेऊन मी रोज गावभर रक्त गोळा करत फिरलो. पाचकंदिलामागे कुणी आजारी पडलं की दुसऱ्या पोराला पाठवायचो. पत्रिका बॅगेतच राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी ती हितेंद्रला दिली आणि म्हणालो, "तुला वाटेत दिसला तर दे." हितेंद्रने ती हातात धरली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मिटणं आम्हा सगळ्यांना आता चांगलं जमत होतं.

लग्न चोपड्याला झालं. स्टेज हितेंद्रने केलं. थर्माकोलचे हत्ती खरोखरच होते, दोन्ही एकाच बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला जनरेटर होता. आम्ही मोठ्या सोनेरी आसनावर बसलो होतो, हजारभर माणसं पाकिटं देत जात होती, आणि आसनावरचं लाल कापड सतत घसरत होतं. सुलक्षणा दर पाच मिनिटांनी ते ओढून घेत होती.

"अरे ए," मामा खाली उभं राहून ओरडले, "मांडववाले! कुणीतरी हे कापड नीट करा रे. नवरी-नवरदेव घसरून पडतील."

हितेंद्रच्या मालकाच्या माणसांपैकी एक स्टेजवर चढला. मालकाचं नाव छापलेला पिवळा शर्ट, तोंडात टाचण्या. इसाक. दुकान त्याने केव्हा बंद केलं आणि मांडववाल्याकडे केव्हापासून लागला, हे मला माहीत नव्हतं. कुणाकडून कळणार? मी विचारलंच नव्हतं.

चढताना मामा त्याला अगदी तोंडासमोर भेटले. त्यांनी ज्याचं नाव आख्ख्या धुळ्यात पोचवलं होतं, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "भाऊ, मागच्या बाजूनेही बघ जरा." ओळखलं नाही. शर्ट वेगळा होता.

इसाक माझ्यासमोर आला. तोंडातली एक टाचणी काढून म्हणाला, "ऊठ जरा."

मी उठलो. सुलक्षणा उठली. तो गुडघ्यावर बसून कापड ओढायला लागला. मागे खोचलं, कोपऱ्यात दुमडलं, टाचणी लावली, हलका हात फिरवला. कितीतरी वेळ लागला त्याला. किंवा मला तसं वाटलं.

सुलक्षणा माझ्या कानाशी वाकली. मुंडावळ्यांमधून हळूच म्हणाली, "तुमचे ते इसाकभाई अजून आले नाहीत का? सकाळपासून वाट बघतेय मी."

खाली मामा होते. आबा होते. नाना पाहुण्यांना हात जोडत होते. इसाक आमच्या पायाशी होता, दोन हातांच्या अंतरावर.

"नाही," मी म्हणालो. "नाही दिसले."

"मग तुम्ही याच्याकडे असं काय बघताय? हा कोण?"

"मांडववाल्याचा माणूस आहे," मी म्हणालो.

इसाकचा हात कापडावर थांबला नाही. एक शेवटची सुरकुती राहिली होती, तीही त्याने काढली. उरलेल्या टाचण्या शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवल्या आणि उभा राहिला.

"बस आता," तो म्हणाला, आणि स्टेजवरून उतरून गेला.

आम्ही बसलो. कापड शेवटपर्यंत घसरलं नाही.